जनसुरक्षा, कोयता आणि दहा रुपयांचं तिकीट

या वेळच्या टपालात जनसुरक्षा विधेयक, पोलीस आणि ‘कागद मिळत नाहीत’ याच विषयांची पत्रं एवढी आली की सातबारा, वारस नोंद आणि रेशनकार्डाचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी वकील नाही. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीचा मोठा भाग रेकॉर्डरूममध्ये गेला. त्यामुळे कुठलाही कायदा हातात आला की मी आधी बघते, यातून कागद कुठला तयार होतो, तो कुणाच्या कपाटात राहतो आणि मागितला तर मिळतो का.

प्रश्न : ताई, आमची सोसायटी वडगाव शेरीला आहे. मध्यंतरी रात्री दोनच्या सुमारास काही पोरं मोटारसायकलींवरून आली आणि कोयते नाचवत रस्त्यावर लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडून गेली. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पुढे काही कळत नाही. सभासदांचं म्हणणं आहे की आता जनसुरक्षा कायदा आलाय, मग तो या पोरांना का लावत नाहीत? तसं निवेदन द्यायचं ठरलंय. मसुदा करून द्याल का?
(एका गृहरचना संस्थेचे सचिव)

उत्तर : मसुदा पाठवत नाही, कारण ते निवेदन द्यायचंच नाही. दिलंत तर कुणीतरी त्यावर ‘सदर बाब या कायद्याच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा मारील, ते निकाली निघेल आणि तुमची काचांची मूळ तक्रार त्याच्याखाली दबून जाईल.

नावात ‘जनसुरक्षा’ आहे म्हणून हा घोटाळा होतो. आमच्या भाजीवाल्यानेही मला हेच विचारलं होतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आलं, तेव्हा ते मंजूर न होताच राहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला पुन्हा मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेत, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं. त्याचा रोख संघटनांवर आहे. सरकारने एखादी संघटना बेकायदेशीर म्हणून जाहीर करायची, मग तिचा सभासद असणं, तिला पैसे देणं, तिची बैठक भरवणं हे गुन्हे ठरतात. सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. प्रत्यक्ष बेकायदेशीर कृत्याला सात वर्षं आणि पाच लाख. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. समितीतून आलेल्या मसुद्यात तर उद्देशातच ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असे शब्द आहेत. तुमच्या गल्लीत रात्री दोनला आलेल्या पोरांना कुठलीही विचारसरणी असल्याचं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

त्यांच्यासाठी कायदे जुनेच आहेत आणि पुरेसे आहेत. गाड्यांच्या नुकसानीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ लागतं. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, लाख किंवा वर असेल तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून आधी प्रत्येक गाडीमालकाने गॅरेजचं अंदाजपत्रक घेऊन ते तपासी अंमलदाराकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काच फुटली एवढं तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. पोरं सराईत असतील तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारी आहे, ती दोन वर्षांपर्यंत. त्यापुढे एमपीडीए, म्हणजे १९८१ चा झोपडपट्टीदादा कायदा, ज्यात बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. टोळी असेल तर १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा. पुण्याच्या पेपरात ‘टोळीवर मोक्का’ हे शब्द आठवड्याआड असतात, तुम्हीही वाचत असाल. यातलं काय लावायचं हा पोलिसांचा निर्णय. तुम्ही मागायचा तो कागद.

तो असा मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, वर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट. आपल्या राज्याच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द अशी मर्यादा आहे, तेव्हा ‘महोदय, आम्ही शांतताप्रिय नागरिक’ वगैरे सगळं गाळा. विषय: वाहन तोडफोडीचे गुन्हे. कालावधी: अमुक तारीख ते अमुक तारीख. तपशील: एक, या काळात आपल्या ठाण्यात नोंदवलेल्या अशा गुन्ह्यांची गुन्हा नोंद क्रमांकासह यादी. दोन, त्यांपैकी दोषारोपपत्र गेलेल्या गुन्ह्यांची यादी. तीन, घटनेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या बीटमध्ये झालेल्या रात्रगस्तीच्या नोंदींची प्रत. चार, या नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. संपलं. ‘गस्त का घातली नाही’ असं विचारू नका. ‘का’चा कागद कुठल्याच कार्यालयात नसतो, आणि या कायद्याने मिळतो तो असलेला कागद. गस्तीची वही कोरी निघाली तर ‘का’ विचारायला तुमचे नगरसेवक आणि आमदार आहेत.

तपास चालू आहे म्हणून देता येत नाही, असं उत्तर येईल. ते माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) चं उत्तर. पण नुसता तपास चालू असणं पुरत नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलंय. आणि जुन्या गुन्ह्यांच्या आकड्याने कुठला तपास अडतो? त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं असतं, त्यात हे लिहा. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १९३ मध्ये, तपास कुठवर आला ते फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याला तिकीटही लागत नाही.

पोलीस ठाण्यात अर्ज द्यायला बिचकू नका. १२ ऑक्टोबर २००५ ला केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला, त्या दिवशी त्याखाली देशातला पहिला अर्ज पडला तो पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात.

प्रश्न : ताई, मी मूळची नांदेडची, नवी पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करते. परीक्षेच्या तारखेसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये शास्त्री रस्त्यावर आम्ही रात्रभर बसलो होतो, त्यात मीही होते. जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या तेव्हा मी ईमेलने हरकत पाठवली. तिचं काय झालं? कुणी वाचली तरी का? आणि आमच्यासारख्यांच्या आंदोलनाला हा कायदा लागू शकतो का? मैत्रीण म्हणते, घाबरट आहेस.

उत्तर : मैत्रिणीला सांग, परीक्षेला बसणाऱ्या मुलीने विधेयक वाचून हरकत पाठवली, तिला घाबरट म्हणत नाहीत.

आधी हरकतीचं. समितीकडे बारा हजारांवर सूचना आणि हरकती गेल्या. अध्यक्ष होते महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे, आणि समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते. एवढ्या ढिगात तुझा ईमेल कुणी शब्द न् शब्द वाचला असेल असं मी तुला सांगणार नाही. पण ढिगाचा परिणाम झाला, तो कागदावर दिसतो. मूळ विधेयकाच्या उद्देशात ‘व्यक्ती आणि संघटना’ होत्या. समितीने ते कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांवर आणलं. तपास मुळात फौजदाराकडे होता, तो उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. संघटनेवरची बंदी तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली: अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील. हे बदल कमी वाटतील. पण फौजदाराची सही आणि उपअधीक्षकाची सही यात काय फरक असतो, ते ज्याच्यावर वेळ येते त्याला विचार.

आता बघायचं कसं? मूळ विधेयक, समितीचा अहवाल आणि मंजूर झालेला मसुदा हे तीन कागद शेजारी शेजारी ठेव. समितीचा अहवाल सभागृहात मांडला की तो सार्वजनिक होतो. त्याआधी मागितलास तर विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कलम, ८(१)(ग), पुढे करतात आणि त्यात चूक काही नाही. तुझ्या स्वतःच्या ईमेलची आवक नोंद हवी असेल तर विधानमंडळ सचिवालयातही जन माहिती अधिकारी असतो, त्याच्याकडे अर्ज कर. ‘माझ्या सूचनेवर काय निर्णय झाला’ असं नको विचारूस. ‘माझ्या सूचनेचा आवक क्रमांक आणि दिनांक, तसंच आलेल्या सूचनांचा समितीपुढे ठेवलेला गोषवारा’ असं माग. बारा हजार पत्रं घेऊन सदस्य बसत नाहीत. कुणीतरी कक्ष अधिकारी त्यांचा तक्ता करतो: कलम, सूचना, शासनाचा अभिप्राय. माझी सगळी नोकरी असले तक्ते करण्यात गेलीय. तुझं म्हणणं त्यातल्या कुठल्या रकान्यात कसं शिरलं, हे बघण्यासारखं असतं. ‘अभिप्राय’ या रकान्यात ‘मान्य करता येणार नाही’ एवढंच असेल तर तेही कळू दे की.

दुसरं म्हणजे, कुणी कुठलं मत दिलं हे तुला शोधता येणार नाही. विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला तो नोंदला गेला. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. बाकी कोण ‘होय’ म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण बाहेर चहा पीत होतं, याची यादीच तयार होत नाही, त्यामुळे कितीही तिकिटं लावलीस तरी ती मिळायची नाही. मतविभागणी मागितली असती तर नावं छापली गेली असती. मला विधेयकाच्या मजकुराइतकंच हे खटकलं. याच प्रकारच्या नावाचं एक विधेयक इंग्रजांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात आणलं होतं, पब्लिक सेफ्टी बिल. सप्टेंबर १९२८ मध्ये त्यावर मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. पुढच्या वर्षी ते परत आणलं. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला तो याच सुमाराला. तीन दिवसांनी पटेलांनी विधेयक नियमात बसत नाही असा निर्णय दिला, तेव्हा व्हाइसरॉयला अध्यादेश काढावा लागला. परक्या सरकारच्या सभागृहातली मतं आपल्याला शंभर वर्षांनी मोजता येतात, कारण ती मोजली आणि छापली गेली. तुझ्या मतदारसंघाच्या आमदाराने जुलै २०२५ मध्ये काय केलं, ते त्यालाच गाठून विचारावं लागेल.

तिसरं, आंदोलनाचं. सरकारने सभागृहात आणि बाहेर सांगितलंय की राजकीय किंवा सामाजिक आंदोलनासाठी हा कायदा नाही. त्यांचं म्हणणं, शहरी नक्षलवादाला यूएपीए, म्हणजे केंद्राचा बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, पुरत नाही, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा या राज्यांत असे कायदे आहेत, आपल्याकडे नव्हता. विरोधकांचं बोट व्याख्येवर आहे, आणि मीही तुला तिथंच थांबायला सांगीन. ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय, यात सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणं किंवा तसा कल असणं, कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा, आणि प्रस्थापित कायदा न मानण्याची शिकवण देणं, हेही येतं; तेही बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी. रस्त्यावर रात्रभर बसणं म्हणजे वाहतुकीला अडथळा नव्हे काय, असं उद्या कुणी म्हणू शकतं. पण मधे एक पायरी आहे: आधी तुमची संघटना बेकायदेशीर म्हणून अधिसूचना निघावी लागते, ती सल्लागार मंडळापुढे टिकावी लागते. शास्त्री रस्त्यावर तुम्ही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरून जमला होता. तुला उद्या सकाळी कुणी उचलेल, असं या मसुद्यातून निघत नाही.

माझी खरी अडचण त्या अधिसूचनेची आहे. बंदीची कारणं तिच्यात द्यायची असतात, पण जे उघड करणं सार्वजनिक हिताविरुद्ध आहे असं सरकारला वाटेल ते सांगायचं बंधन नाही. म्हणजे बंदी घालणाराच ठरवणार की बंदीचा कुठला कागद दाखवायचा. माहिती अधिकारात निदान वर अपील आहे, आयोग आहे, तिथं बाहेरचा माणूस फाईल मागवून बघतो. अशा प्रकरणाचे कागद गुप्तवार्ता विभागाकडे असणार, आणि अशा गुप्तवार्ता यंत्रणांना राज्य सरकार माहिती अधिकाराच्या कलम २४(४) खाली अधिसूचना काढून त्या कायद्यातून वगळू शकतं. तरीही भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असेल तर ती माहिती वगळता येत नाही. मानवी हक्कांच्या भंगाची माहिती मात्र माहिती आयोगाच्या मान्यतेने, पंचेचाळीस दिवसांत. हे कलम पाठ करून ठेव, पेपरातही येईल.

प्रश्न : कोथरूडला आमच्या गल्लीचा रस्ता एका पावसाळ्यात दोनदा खोदला. काम तपासून बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्यांची नावं, हुद्दे आणि त्यांच्या तपासणीचे अहवाल मागितले. उत्तर आलं: ‘वैयक्तिक माहिती असल्याने नाकारण्यात येत आहे.’ आधी कधी असं होत नव्हतं. कायदा बदललाय का?
(निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : बदललाय. आणि महापालिकांच्या निवडणुका, रस्ते, टोल यांच्या गदारोळात बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही.

माहिती अधिकाराच्या कलम ८(१) मधल्या शेवटच्या खंडात पूर्वी असं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी वैयक्तिक माहिती नाकारता येईल, आणि तीही व्यापक जनहित नसेल तर. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ ने हा खंड काढून त्या जागी ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. अटी गेल्या, शब्द राहिले. आता नाव असलेला प्रत्येक कागद वैयक्तिक म्हणता येतो, आणि सरकारी फाईलमध्ये नाव नसलेलं पान मी तरी पाहिलं नाही.

त्याबरोबर आणखी एक ओळ गेली, आणि मला तिचं जास्त वाईट वाटतं. त्या खंडाखाली परंतुक होतं: संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराने तारांकित प्रश्न टाकला तर ज्या कागदासाठी रात्री दहापर्यंत कार्यालय उघडं ठेवतात, तो कागद तुम्हालाही, असा त्याचा अर्थ. मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. अधिवेशन चालू असलं की ‘एलएक्यू’, म्हणजे विधानसभेतला प्रश्न, असा लाल शिक्का असलेलं पाकीट यायचं आणि एरवी सापडत नसलेली फाईल तासाभरात टेबलावर असायची. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये माजी मंत्री सुरूपसिंग नाईक यांच्या प्रकरणात याच परंतुकाचा आधार घेतला होता. न्यायालयाच्या अवमानाची महिनाभराची शिक्षा झालेली असताना ते रुग्णालयात राहिले होते, त्या उपचारांचे कागद कुणीतरी मागितले होते. विधिमंडळाला नाकारता येत नसेल तर नागरिकालाही नाही, असा तो तर्क. ते परंतुकच आता छापील कायद्यात नाही.

तरी हात टेकू नका. कलम ८(२) जागेवर आहे: माहिती उघड करण्यातलं जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. पहिल्या अपिलात, वीस रुपयांचं तिकीट लावून, तीस दिवसांच्या आत हे लिहा. एकच रस्ता एका पावसाळ्यात दोनदा खोदला, दोन्ही वेळा सार्वजनिक पैसा गेला. तपासणी अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा हा त्याच्या पदाचा भाग आहे, घराचा पत्ता आम्ही मागत नाही. कलम ४(१)(ख) खाली अधिकाऱ्यांची निर्देशिका, त्यांची कर्तव्यं आणि पगारसुद्धा कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे, तेही जोडा. आणि पर्याय म्हणून कलम १० मागा: जे खरोखर खासगी वाटतं ते काळं करा, बाकीचं पान द्या. केलेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रतीवर आधार क्रमांक नसतो, काळं करायला त्यांना फारसं काही सापडणार नाही.

एक गंमत लक्षात घ्या. तुमचे आमदार हीच नावं सभागृहात प्रश्न विचारून मिळवू शकतात, आणि उत्तर आलं की ते छापील कार्यवाहीत जातं. तेव्हा अपिलाची एक प्रत त्यांच्या कार्यालयातही द्या. पोच घेऊन.

प्रश्न : माझ्या भाच्याला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात नेलं आणि रात्रभर बसवून ठेवलं. मारहाण झाली असं तो म्हणतो, ते नाही म्हणतात. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण मिळतं का?
(नाव-गाव छापू नये)

उत्तर : मागता येतं, आणि आजच मागा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला: प्रत्येक ठाण्यात, आत येण्या-जाण्याच्या वाटा, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या इथे कॅमेरे, आणि चित्रीकरण अठरा महिने जपायचं, यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. प्रत्यक्षात ‘त्या दिवशी यंत्रणा बंद होती’ हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून चित्रीकरणाबरोबर त्या आठवड्याची यंत्रणा देखभालीची नोंद आणि बिघाड कळवल्याचं पत्रही मागा. यंत्रणा बंद होती तर कुणीतरी कुणालातरी कळवलं असेल ना?

अर्जात तारीख, वेळ कुठून कुठपर्यंत, आणि ‘सदर चित्रीकरण निर्णय होईपर्यंत नष्ट करू नये’ हे वाक्य हवं. भाचा अजूनही ताब्यात असेल तर ‘जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित’ असं वर ठळक लिहा. मग अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायचं असतं. पण अर्जावर थांबू नका. आधी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि वकील गाठा. माझ्या सदराची वाट बघत बसण्याचं हे प्रकरण नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी फोन केला होता.

प्रश्न : १९९८ सालच्या एका बांधकाम परवानगीची फाईल मागितली तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं लेखी दिलं. आता? आणि ‘माहिती कशाला हवी’ असंही विचारलं.
(सातारा रोड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते एका ओळीचं आहे. कलम ६(२): कारण सांगायचं नाही, विचारायचंही नाही.

फाईल ‘आढळून येत नाही’ हे माहिती नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यात कुठेही नाही. बांधकाम परवानगी म्हणजे एका वर्षाने रद्दीत जाणाऱ्या ‘ड’ वर्गातला कागद नव्हे. नष्ट केली असेल तर नाशनाची नोंदवही असते: कुणाच्या आदेशाने, कुठल्या तारखेला, यादीत कितवा क्रमांक. ती मागा. नष्ट केलेली नाही आणि सापडतही नाही, म्हणजे गहाळ झाली. तेव्हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ लागतो, ज्यात बेकायदा नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. अपिलात एवढंच लिहा की गहाळ झाल्याची जबाबदारी निश्चित करून गुन्हा नोंदवला असल्यास त्याची प्रत द्यावी. माझा अनुभव असा की या वाक्यानंतर बऱ्याच फायली जिन्याखालच्या गठ्ठ्यांत सापडतात.

त्याआधी सोमवारी जाऊन या. दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघू द्यायच्या, ही पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना ती लागू केली. सोमवारी सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. तिथे फाईल मागण्याआधी त्या वर्षाची आवक-जावक नोंदवही मागा. त्या परवानगीच्या मूळ अर्जाचा आवक क्रमांक सापडला की त्यासमोरच्या रकान्यात तो कागद कुठल्या टेबलाला दिला ते लिहिलेलं असतं, तिथून त्या कारकुनाची कार्यविवरण नोंदवही, तिथून नस्तीचा, म्हणजे फाईलचा, क्रमांक. नस्ती हाती आली तर डावीकडचा टिपणीचा भाग आधी वाचा, पत्रव्यवहार नंतर. पानांना क्रमांक आहेत का बघा; नसतील तर तिथल्या तिथे लिहून द्या, नाहीतर पुढच्या सोमवारी दोन पानं कमी भरतील. जाताना चष्मा आणि साध्या कागदाची वही न्या. आणि पावणेतीनला पोचा, कारण पाचच्या ठोक्याला कपाटाला कुलूप लागतं.